बिनपाटीची बैठक

“सूर्य पश्चिमेला उगवेल, नर्मदा उलटी वाहील, पण या बिवलकराचा शब्द फिरणार नाही! आजपासून दारू बंद. कायमची!”

श्यामसुंदर बिवलकरांनी ही घोषणा रविवारी सकाळी पावणेनऊला, गोलबाजारातल्या आपल्या घरी, एका गालाला साबण लावलेल्या अवस्थेत केली. घोषणेत एकच खोट होती. देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात आणि आपली नर्मदा मात्र उलटी, पश्चिमेला जाते, हे त्यांनीच भूगोलाचे मास्तर म्हणून पस्तीस वर्षं जबलपूरच्या पोरांना घोकायला लावलं होतं. म्हणजे शपथेतली निम्मी अट जगाच्या आरंभापासूनच पूर्ण होऊन बसली होती.

विनताबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “मग दुसरा गालही करून घ्या. नळाचं पाणी जाऊन राहिलं.”

विनताबाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. मास्तरांच्या दारूत्यागाची ही चौथी आवृत्ती होती. पहिली पाडव्याला निघाली, ती दसऱ्याआधी संपली. दुसरी निवृत्तीच्या दिवशी, हार गळ्यात असताना. ती हार सुकायच्या आत सुकली. तिसरी खुद्द ग्वारीघाटावर, नर्मदेत कमरेपर्यंत उभं राहून. ती अंगावरचे कपडे वाळेपर्यंत टिकली. ओल्या कपड्यांनी थंडी वाजते आणि थंडीवर उपाय काय, हे मास्तरांना कोणी शिकवायला नको होतं.

पण या वेळची गोष्ट वेगळी होती. या वेळी मधे अपूर्वा होती.

अपूर्वा ही मास्तरांची एकुलती एक मुलगी. एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सरळ करायची. तिचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं, आणि शनिवारी रात्री जेवताना तिने बापाला, पोळी तोडता तोडता, शांतपणे सांगून टाकलं होतं, “बाबा, माझ्या लग्नात मंगलाष्टकं तुम्ही म्हणायची नाहीत. अंतरपाटाच्या आसपासही यायचं नाही. कन्यादान काका करतील. मैंने उनसे बात कर ली है.”

मास्तरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. जबलपूरच्या मराठी मंडळींत गेली तीस वर्षं एकही लग्न असं झालं नव्हतं, की ज्यात बिवलकर मास्तरांनी मंगलाष्टक म्हटलं नाही. आवाज खणखणीत, वृत्त चोख. ज्यांच्या लग्नात मास्तर गायले, त्यांच्या पोरांच्याही लग्नात मास्तरच गायले. आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात...

“काहून पण?” त्यांनी विचारलं.

“तनयदादाच्या लग्नामुळे,” अपूर्वा म्हणाली.

तनय हा मास्तरांचा पुतण्या. फेब्रुवारीत त्याचं लग्न झालं. मास्तर ‘थोडंसं’ घेऊन आले होते. पाच कडवी सुरेख झाली. सहाव्या कडव्याच्या शेवटी मास्तरांनी डोळे मिटून, हात उंचावून, असं काही ‘सावधान’ उच्चारलं की त्याच्याच धक्क्याने ते पुढे गेले आणि अंतरपाटावर कोसळले. अंतरपाट खाली आला. नवरानवरीने एकमेकांना पाहिलं. लोकांनी भराभर अक्षता टाकल्या, बँडवाल्यांनी बँड सुरू केला, आणि मुहूर्ताला अजून तीन मिनिटं आहेत, असं ओरडणाऱ्या गुरुजींचं कोणी ऐकलंच नाही. आता तनयच्या घरी दूध उतू गेलं तरी त्याची बायको म्हणते, “होणारच! तीन मिनिटं आधी लागलंय आपलं.”

अपूर्वाने मात्र दार पूर्ण बंद केलं नव्हतं. तिने मोबाइलवर शोधून एक नंबर काढला होता. दारू सोडू पाहणारी माणसं आठवड्यातून एकदा जमतात, आपापली हकिकत सांगतात, एकमेकांना धीर देतात, असा काहीतरी गट होता.

“पुढच्या शनिवारपासून दर शनिवारी जायचं,” ती म्हणाली. “लग्नापर्यंत. एक जरी शनिवार चुकला, तर काका.”

मास्तरांचा धाकटा भाऊ बेसूर होता. सख्खा असला तरी तो बेसूरच होता. मास्तरांनी सोमवारी तो नंबर फिरवला.

“नमस्कार, मी श्यामसुंदर दामोदर बिव...”

“नाम मत बताइए,” पलीकडचा आवाज मायेने म्हणाला. “हमारे यहाँ नाम-पता कुछ नहीं पूछते.”

मास्तर चाट पडले. मराठी माणसाला आडनाव न विचारता सोडणारी ही त्यांच्या पाहण्यातली पहिलीच संस्था. मग पत्ता मिळाला: कांचघर, चौकातून आत, आटाचक्कीच्या मागे, शेवटची खोली. शनिवारी संध्याकाळी सहा. दारावर पाटी नाही, कारण पाटी लावली तर लाजेने कोणी आत येत नाही.

शनिवारी साडेपाचला मास्तर स्कूटरवरून कांचघरला पोचले. सहा दिवस कोरडे गेले होते. हात थोडे थरथरत होते, पण शर्टाला इस्त्री होती. पस्तीस वर्षं अक्षांश-रेखांश शिकवलेल्या त्या माणसाला वीस मिनिटं आटाचक्कीच सापडेना. जी सापडली, तिच्या मागे नुसत्या गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीला एक शेवट. विचारणं भाग होतं. पण विचारायचं कसं? दारू सोडणाऱ्यांचा अड्डा कुठे आहे, असं भर चौकात विचारायचं, आणि नेमका कोणी जुना विद्यार्थी निघायचा! मास्तरांनी बराच विचार करून एक सोज्वळ, सभ्य, घरंदाज शब्द निवडला. तिथेच चुकलं.

‘बसणं’ या क्रियापदाचं आपल्याकडे असं आहे, की त्याला कर्म लागत नाही. ‘आज बसू या का?’ असं एका माणसाने दुसऱ्याला विचारलं, की कर्म काय ते दोघांनाही कळतं, आणि दोघांच्या बायकांना तर आधीच कळलेलं असतं. खुद्द बिवलकरांच्या घरात गेल्या वीस वर्षांत या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. त्यात सरकारने दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते बंद केले. पूर्वी माणूस दुकानातून बाटली घ्यायचा, शेजारच्या अहात्यात बसायचा आणि कायद्याने झिंगून घरी जायचा. आता बसणाऱ्यांनाही गल्लीबोळातल्या खोल्या पाहाव्या लागत होत्या. त्यांच्याही दारावर पाटी नसे.

“भैया,” मास्तरांनी पानाच्या टपरीवर हळूच विचारलं, “इधर वो... बैठक कहाँ होती है?”

पानवाल्याने चुना लावता लावता मास्तरांकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पाहिला, थरथरते हात पाहिले.

“काए बड्डे, बैठना है?”

“हाँ. बैठना ही है.”

“अकेले?”

“अकेला.”

“पैली बार आए?”

मास्तरांनी खाली मान घातली.

“अरे, घबराओ नईं,” पानवाला म्हणाला. “पैली बार सबई घबरात हैं. फिर देखना, पाँव अपने-आप इधर मुड़ेंगे.”

मास्तरांना भरून आलं. परक्या मोहल्ल्यातल्या परक्या माणसाला आपल्या सुधारण्याची किती ही काळजी! “वहाँ नाम तो नहीं पूछते ना?” त्यांनी खात्री करून घेतली.

“नाम? वहाँ तो आदमी खुद अपना नाम भूल जात है.”

हे वाक्य मास्तरांना फार वरच्या पातळीवरचं वाटलं.

“और होती रोज है?”

“रोज. इतवार को सुबै से.”

फोनवरच्या माणसाने तर फक्त शनिवार सांगितला होता. लोकांची तळमळ वाढली असेल, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं आणि पानवाल्याने दाखवलेल्या गल्लीत शिरले. शेवटी दोन दारं होती. पानवाल्याने निळं सांगितलं होतं. त्यांनी दोनदा टकटक केली.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका जाडजूड, हसतमुख गृहस्थाने. अंगात बंडी, गळ्यात तुळशीची माळ.

“या, या साहेब. काहून उभे राहिले भाईर? मी भाऊराव.”

मराठी! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आत ट्यूबलाइटच्या उजेडात सहा-सात माणसं गोल करून बसली होती. मधे स्टुलावर चहाची मोठी किटली, कागदी कप, आणि परातीत शेव-मुरमुरे आणि मूगडाळीचे गरम मंगोडे. खोलीत वास होता, नाही असं नाही. पण दवाखान्यात औषधाचा वास यायचाच, असा मास्तरांनी विचार केला आणि एक खुर्ची मोकळी दिसली, तिच्यावर टेकले.

समोर योगेश नावाचा चाळिशीतला माणूस बोलत होता. डोळ्यांत पाणी होतं. “भाऊराव, मनीषा माहेरी निघून गेली. म्हणते, तू माणसात नाहीस. दोन महिने झाले, फोन नाही उचलून राहिली.”

“बोल बेटा, बोल,” भाऊराव म्हणाले. “मन हलकं कर. इथे कोणी कोणाला नावं ठेवत नाही.”

सगळ्यांनी माना हलवल्या. अपूर्वाने मोबाइलवर वाचून दाखवलं होतं, तंतोतंत तसंच! मास्तरांनी आदराने भाऊरावांकडे पाहिलं.

“तुम्ही किती वर्षांपासून हे... चालवता?”

“रांझीच्या कारखान्यातून रिटायर झालो तवापासून. साहेब, एक गोष्ट सांगू? हे एकट्यानं करायचं काम नोहे. एकट्यानं केलं का माणूस वाया गेला. चार जणांत बसून केलं, तर अंगाला लागत नाही.”

“वा!” मास्तर म्हणाले.

“आन् उद्याचा विचार करायचा नाही. आजचा दिवस आपला. उद्याचं उद्या.”

“वा वा!” मास्तरांना खिशातलं पेन काढून हे लिहून घ्यावंसं वाटलं.

“आता तुम्ही सांगा,” योगेश डोळे पुसत म्हणाला. “नये आए हो.”

मास्तर उभे राहिले. हीच ती घटका. त्यांनी घसा साफ केला, आणि टाळ्यांसाठी पुरेशी जागा सोडून म्हणाले, “मित्रहो, मी गेल्या रविवारपासून आजपर्यंत, पूर्ण सहा दिवस, एक थेंबही घेतलेली नाही.”

 टाळ्या काही पडल्या नाहीत. योगेशने हातातला मंगोडा खाली ठेवला.

“सहा दिवस?” भाऊराव कळवळून म्हणाले. “अरे रामा! तब्येत बरी नाही का?”

“तब्येत ठीक आहे.”

“घरी कोणी गेलं, गमी झाली?”

“नाही, नाही!”

“फिर ऐसा कैसे चलेगा?” कोपऱ्यातून एकाने हळहळून विचारलं. “हात देखो बेचारे के, कैसे काँप रहे हैं.”

“पहिले यांना द्या रे!” भाऊराव स्वतःच उठले आणि त्यांनी किटलीतून कप भरून मास्तरांच्या हातात ठेवला. “घ्या. धाड पडली तर म्हणून किटलीत ठेवतो. चहा समजून घ्या.”

चहा पिवळट होता. त्यातून वाफ येत नव्हती. कप बोटांना गार लागत होता, आणि तीस वर्षं ओळखीचा तो वास थेट डोक्यात जाऊन बसला, जणू मधले सहा दिवस झालेच नव्हते. हाताची थरथर थांबली. हात फार हुशार असतात. त्यांना डोक्याआधी कळतं.

एक घोट. इथे कोण विचारणार? नाव सांगितलेलं नाही, दारावर पाटी नाही. आणि बैठकीला तर आपण आलोच आहोत. अपूर्वाने कोणत्या बैठकीला, ते कुठे सांगितलं होतं?

कप ओठांपासून वीतभर असताना खिशातला मोबाइल वाजला. मास्तरांनी दचकून, दुसऱ्या हाताने, चुकून स्पीकरच लावला.

“बाबा, कुठे आहात?” अपूर्वाचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला.

मास्तरांनी आयुष्यात हजारदा या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं होतं. शाळेत आहे, दवाखान्यात आहे, पेपर तपासतोय. आज पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं.

“कांचघरला,” ते म्हणाले. “बसलोय.”

 तेवढ्यात योगेशने किटली ओढली आणि एक जण मोठ्याने म्हणाला, “अबे, पानी मत मिला यार!”

“अपूर्वा, तसं नाही. मी बैठकीत... म्हणजे ही ती बैठक नाही, मला वाटलं होतं की... मी घेतली नाही ग. कप हातात आहे, पण...”

“चलो, ठीक है बाबा.” तिचा आवाज रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं. “राहू द्या. काका करतील.”

“थांब! फोन ठेवू नको!”

मास्तरांनी कप स्टुलावर ठेवला. मोबाइल कपाला टेकवून उभा केला. आपण प्यायलेलो नाही, हे फोनवरून सिद्ध कसं करायचं? त्यांनी डोळे मिटले, हात उंचावला आणि कांचघरातल्या त्या खोलीत, मंगोड्यांच्या साक्षीने, शार्दूलविक्रीडितात एक अख्खं मंगलाष्टक सुरू केलं.

जीभ कुठे अडखळली नाही. एकही जोडाक्षर सांडलं नाही. ऱ्हस्व ते ऱ्हस्व, दीर्घ ते दीर्घ. योगेश, ज्याची बायको माहेरी गेली होती, तो हुंदके देऊ लागला. भाऊरावांनी सवयीने डोक्यावर टोपी चढवली. आणि शेवटच्या ओळीला मास्तरांनी आवाज चढवला, श्वास धरला, ‘सावधान’ म्हटलं, आणि थांबले. तिथल्या तिथे, दोन्ही पायांवर.

सवय वाईट. सगळ्यांनी हाताला येतील ते शेव-मुरमुरे मास्तरांवर उधळले.

 मग अपूर्वा म्हणाली, “थांबलात.”

“हो,” मास्तर म्हणाले. त्यांच्या चष्म्यावर शेव पडली होती.

“सरळ उभे आहात?”

“एकदम सरळ हाय बेटी!” भाऊराव मोबाइलकडे वाकून ओरडले. “आम्ही साक्षीला हाओत. सात जण!”

“सात जणांचं नका सांगू. बाबांचा आवाजच सांगून राहिला,” अपूर्वा म्हणाली. ती हसली की रडली, ते मास्तरांना कळलं नाही. “बाबा, खरी बैठक शोधा. सव्वासहा झाले. ती झाली की मग काकांशी बोलते मी.”

फोन बंद झाला. मास्तरांनी शेव झटकली नाही. त्यांना एकाएकी फार उंच झाल्यासारखं वाटत होतं. समोर सात माणसं कप हातात धरून, प्यावं की नाही अशा संभ्रमात त्यांच्याकडे पाहत होती. एवढा एकाग्र वर्ग त्यांना पस्तीस वर्षांत मिळाला नव्हता.

“मित्रहो!” मास्तर गरजले. “आज या खोलीत एक माणूस जन्माला आला! हा कप पाहा. हा कप नाही, हा अंतरपाट आहे! तुमच्या आणि तुमच्या माणसांच्या मधे धरलेला! योगेश, अरे, पलीकडे तुझी मनीषा उभी आहे! भाऊराव, तुमच्या गळ्यात माळ आहे! उठा, हा पडदा दूर करा! आजची ही संध्याकाळ जबलपूरच्या इतिहासात...”

योगेश खरोखरच अर्धवट उठला. भाऊरावांचा हात माळेकडे गेला. कोपऱ्यातल्याने कप खाली ठेवला, आणि मग, विचार करून, थोडा जवळ ठेवला. मास्तर स्वतःच्याच वक्तृत्वाने थकून, डोळे पुसत, मटकन खुर्चीत बसले.

त्याच वेळी निळं दार ढकलून एक किडकिडीत, स्वेटर घातलेले गृहस्थ आत डोकावले. त्यांनी किटलीकडे पाहिलं नाही, परातीकडे पाहिलं नाही. ओळखीच्या घरी आल्यासारखे ते भाऊरावांकडे पाहून हसले.

“हे पलीकडच्या खोलीतले,” भाऊराव मास्तरांच्या कानात कुजबुजले. “सोडणारे.”

ते गृहस्थ चपला न काढता दोन पावलं आत आले, मास्तरांपाशी थांबले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले,

“माफ करा हं, भाऊसाहेब. जरा उठता का? ही खुर्ची आमची आहे. आज एक नवीन गृहस्थ यायचेत, त्यांना बसायला नाही.”